‘मार्क’ या नांवाची कुळकथा

सहामाही परीक्षेचे गुण मी वर्गांत वाचून दाखविले, त्या दिवशींची ही गोष्ट आहे. आमच्या वर्गांत मार्क नांवाचा एक विद्यार्थी आहे. गणितांत त्याला फारच थोडे गुण मिळाले होते. त्याचा आंकडा उच्चारतांच मागल्या बांकावरून आवाज आला, “सर, मार्काला मार्क नाहींत!” सारा वर्ग हंसला, आणि सांगावयास संकोच वाटतो, परंतु मलाहि हंसूं आवरलें नाहीं. मधल्या सुटींत तो मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “सर, हजेरीपटांतलें माझें नांव बदलतां येईल काय?” मीं विचारलें, “कोणतें ठेवावयाचें?” तो म्हणाला, “कोणतेंहि चालेल. ज्याला कांहींच अर्थ नाहीं असें एखादें.”

अर्थ नसलेलें नांव मला सांपडलें नाहीं. उलट त्याच्याच नांवाचा अर्थ शोधतां शोधतां इतकी माहिती हातीं आली कीं, पुढल्या आठवड्यांत मराठीच्या तासाला मीं ती सगळ्या वर्गाला सांगितली. तीच येथें विद्यार्थ्यांसाठीं आणि त्यांच्या आईवडिलांसाठीं लिहून काढीत आहें.

प्रथम मागल्या बांकावरील घोटाळा दूर करूं. परीक्षेचे गुण या अर्थानें आपण जो ‘मार्क’ शब्द वापरतों, तो मूळचा इंग्रजी आहे. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ हद्द किंवा सीमा असा होता. हद्दीवर दगड रोवून खूण करीत. त्यावरून शब्दाला ‘खूण’ हा अर्थ आला, आणि उत्तरपत्रिकेवर केलेल्या खुणेवरून तो गुणांपर्यंत पोंचला. डेन्मार्क या देशाच्या नांवांतील ‘मार्क’ हाच होय. डेन लोकांचा सीमाप्रदेश तो डेन्मार्क. अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन याच्या नांवांतहि हाच शब्द आहे. त्याचें खरें नांव सॅम्युएल क्लेमेन्स. तरुणपणीं तो मिसिसिपी नदींत आगबोटी चालवीत असे. बोटीवरचा खलाशी दोरी सोडून पाण्याची खोली मोजी, आणि दोन वांव, म्हणजे १२ फूट, पाणी लागलें कीं ‘मार्क ट्वेन’ असें ओरडे. त्याचा अर्थ, दोरीवरची दुसरी खूण लागली, बोट बिनधोक जाऊं द्या. तेंच ओरडणें क्लेमेन्सनें टोपणनांव म्हणून घेतलें. हा गृहस्थ १८९६ च्या जानेवारींत व्याख्यानें देण्यासाठीं मुंबईस आला होता.

आमच्या विद्यार्थ्याचें नांव मात्र या कुळांतलें नाहीं. मराठींत झाडाचें ‘पान’ आणि जलपानांतलें ‘पान’ हे दोन शब्द कानाला सारखे लागतात. परंतु पहिला ‘पर्ण’ यापासून आला आणि दुसरा ‘पिणें’ या अर्थाच्या ‘पा’ धातूपासून. ‘मार्क’ या दोन शब्दांचेंहि तसेंच आहे. उच्चार एक, कुळें दोन.

नांवांतला ‘मार्क’ रोमचा. त्याचें मूळ लॅटिन रूप ‘मार्कस’. प्राचीन रोमन लोकांत मुलाला द्यावयाचीं नांवें फारच थोडीं होतीं. सर्रास चालणारीं जेमतेम दीड डझन. त्यामुळें पुरें नांव लिहिण्याची गरजच पडत नसे. नुसतें ‘म’ हें अक्षर लिहिलें कीं मार्कस, ‘ल’ लिहिलें कीं लूशियस, असें वाचणारा समजून घेई. रोम शहरांत पँथिऑन नांवाचें प्रचंड घुमटाचें मंदिर आज उभें आहे. त्याच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत लेख कोरला आहे, आणि त्या लेखाचें पहिलेंच अक्षर हें ‘म’ आहे. लूशियसचा पुत्र मार्कस अग्रिप्पा यानें तिसऱ्या वेळीं कॉन्सल असतांना हें बांधलें, असा त्याचा आशय. आजची इमारत अग्रिप्पाची नव्हे. ती पुढें हेड्रियन बादशहाच्या काळांत, इ. स. १२६ च्या सुमारास, पुन्हां बांधली गेली. तरीहि पूर्वीच्या बांधणाऱ्याचें नांव नव्या इमारतीवर कोरण्याचें सौजन्य त्या काळच्या लोकांनीं दाखविलें.

‘मार्कस’ या शब्दाची व्युत्पत्ति बहुतेक पंडित ‘मार्स’ या रोमन देवाच्या नांवापासून लावतात. मार्स हा युद्धाचा देव; म्हणून मार्कस म्हणजे ‘मार्सचा’, मार्साला वाहिलेला. हा देव केवळ लढाईचाच होता असें मात्र समजूं नये. जुन्या रोमन शेतकऱ्यांचा तो राखणदारहि होता. शेतीवरील एका प्रसिद्ध लॅटिन ग्रंथांत, आपल्या शिवारावरचे रोग आणि संकटें दूर ठेवण्याविषयीं मार्सची प्रार्थना कशी करावी, तें दिलें आहे. त्या ग्रंथाचा कर्ता केटो (इ. स. पूर्व २३४–१४९) हा स्वतः मार्कसच होता, मार्कस पोर्शियस केटो हें त्याचें पुरें नांव.

मार्सचें नांव तुम्ही विद्यार्थी दरवर्षीं लिहितां, परंतु तुमच्या तें ध्यानांत येत नाहीं. ‘मार्च’ हा महिना मार्सचा आहे. रोमन लोकांचें जुनें वर्ष याच महिन्यापासून सुरू होई. म्हणूनच सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर या नांवांचे अर्थ अनुक्रमें सातवा, आठवा, नववा व दहावा असे आहेत. जानेवारीपासून मोजतां हा हिशेब चुकतो. मार्चपासून मोजून पाहा, तो बिनचूक जुळतो. आकाशांतील ज्या तांबूस ग्रहाला आपण मंगळ म्हणतों, त्याला रोमन लोकांनीं मार्स म्हटलें. आठवड्याचे सात वार सात ग्रहांच्या नांवांनीं मोजण्याची रीत त्यांच्याकडे होती तशी आपल्याकडेहि आहे. त्यामुळें आपला मंगळवार तोच फ्रेंचांचा ‘मार्दी’ आणि इटालियन लोकांचा ‘मार्तेदी’. मैदानावर कवायतींत तुम्ही जो ‘मार्च’ करतां, तो मात्र या देवाचा नव्हे. तें ‘चालणें’ या अर्थाचें फ्रेंच क्रियापद आहे.

आतां या नांवाचा संसार किती वाढला तें पाहूं. ग्रीक भाषेंत तो मार्कोस झाला, इटालींत मार्को, स्पेनमध्यें आणि पोर्तुगालांत मार्कोस, फ्रान्समध्यें मार्क, पोलंडांत मारेक, सर्बियांत मार्को. आपल्या देशांतहि त्याचीं रूपें एक नाहींत. मराठी पवित्र शास्त्रांत आपण ‘मार्क’ वाचतों. हिंदी शास्त्रांत ‘मरकुस’ आहे. केरळांतील सुरियानी ख्रिस्ती कुटुंबांत ‘मार्कोस’ ऐकूं येतें. ‘मार्सेलस’ म्हणजे धाकटा, लाडका मार्कस. त्याचेंच फ्रेंच रूप मार्सेल, आणि स्त्रियांसाठीं मार्सेला. ‘मार्टिन’ हें नांवहि मार्सपासूनच निघालें. गोव्यांतील अनेक घराण्यांचें ‘मार्टिन्स’ हें आडनांव त्याच मार्टिनच्या वंशाचें होय. ‘मारीया’ हें मात्र निराळें. तें मिर्याम या इब्री नांवावरून आलें आहे. मार्सशीं त्याचा संबंध नाहीं.

इटालींत मार्को हें नांव लोकप्रिय होण्यास व्हेनिस शहर पुष्कळ अंशीं कारण झालें. इ. स. ८२८ मध्यें व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनीं शुभवर्तमानकार संत मार्क याच्या म्हणून मानलेल्या अस्थि इजिप्तमधील अलेक्झांड्रियाहून आपल्या शहरीं नेल्या. संत मार्क शहराचा पालक झाला आणि त्याचें चिन्ह, पंख असलेला सिंह, राज्याच्या निशाणावर चढलें. याच शहरचा मार्को पोलो (१२५४–१३२४) व्यापाराच्या निमित्तानें चीनपर्यंत गेला व समुद्रमार्गें परतला. त्याच्या प्रवासवृत्तांत आपल्या ठाण्याच्या राज्याचें वर्णन आहे. तेथील कातड्याचा व कापडाचा व्यापार आणि किनाऱ्यावरील चांचे यांचा त्यानें उल्लेख केला आहे. अशा रीतीनें एका मार्काच्या लेखणींतून आपल्या कोंकणपट्टीचें वर्तमान सातशें वर्षांपूर्वीं युरोपांत पोंचलें.

एवढें सांगून झाल्यावर वर्गांतील एका मुलीनें विचारलें, “सर, ज्याचें नांव युद्धाच्या देवावरून पडलें, तो शूरच निपजतो काय?” प्रश्न मार्मिक होता. त्याचें उत्तर इतिहासाकडूनच घेऊं.

रोमच्या प्रजासत्ताकाच्या अखेरच्या दिवसांत तीन मार्कस एकाच वेळीं नांदत होते. मार्कस टुलियस सिसेरो हा वक्ता. त्याचें शस्त्र जीभ. मार्कस ब्रूटस यानें इ. स. पूर्व ४४ मध्यें, मार्सच्याच महिन्यांत, १५ मार्च रोजीं, ज्यूलियस सीझरच्या वधांत भाग घेतला. तिसरा मार्कस अँटोनियस. तो सीझरचा पक्षपाती. सिसेरोनें त्याच्याविरुद्ध भाषणें केलीं, तेव्हां त्यानें आपल्या शत्रूंच्या यादींत सिसेरोचें नांव घातलें, आणि इ. स. पूर्व ४३ मध्यें सिसेरोचा शिरच्छेद झाला. नांव एक, शहर एक, काळ एक. परंतु तिघांच्या वाटा तीन. पुढें इ. स. १६१ ते १८० पर्यंत मार्कस ऑरेलियस हा रोमचा बादशहा झाला. डॅन्यूब नदीकांठच्या युद्धांत त्याचीं कित्येक वर्षें गेलीं, तरी त्याची खरी आवड तत्त्वज्ञानाची. स्वतःच्या मनाला उपदेश म्हणून त्यानें ग्रीक भाषेंत लिहिलेलीं टिपणें आजहि जगभर वाचलीं जातात. परंतु त्याच विचारी बादशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १७७ मध्यें, आजच्या फ्रान्समधील लियों शहरीं ख्रिस्ती लोकांचा क्रूर छळ झाला, हेंहि विसरतां येत नाहीं.

मार्टिनची गोष्ट तर याहून नवलाची. चौथ्या शतकांत आजच्या हंगेरींत एका रोमन सैनिकाला मुलगा झाला. सैनिकाचा मुलगा म्हणून मार्सच्या नांवाचाच तो मार्टिन. बापाच्या पाठोपाठ तोहि सैन्यांत गेला. त्याचा चरित्रकार सुल्पिसियस सेव्हेरस सांगतो कीं, कडाक्याच्या थंडींत अमियें शहराच्या वेशींत त्याला एक उघडा भिकारी दिसला. जवळ देण्यासारखें कांहीं नव्हतें, तेव्हां त्यानें तरवारीनें आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला पांघरला. पुढें त्यानें लढण्याचें नाकारून सैन्य सोडलें, आणि तो तूर शहराचा बिशप झाला. इ. स. ३९७ मध्यें तो वारला. त्याचा तो झगा फ्रान्सच्या राजांनीं जपून ठेविला. लहान झग्याला लॅटिनमध्यें ‘कापेल्ला’ म्हणत. तो जेथें ठेविला त्या प्रार्थनास्थानालाहि तेंच नांव पडलें, आणि आपण आज ज्याला ‘चॅपेल’ म्हणतों तो शब्द त्यापासून निघाला. युद्धदेवाच्या नांवाचा मनुष्य जगाला प्रार्थनामंदिराचें नांव देऊन गेला!

१४८३ च्या नोव्हेंबरच्या १० तारखेस जर्मनींत एक मुलगा जन्मला. दुसऱ्या दिवशीं, संत मार्टिनच्या सणाला, त्याचा बाप्तिस्मा झाला. म्हणून त्याचें नांव मार्टिन ठेविलें. तो मार्टिन ल्यूथर. पुढें १९३४ मध्यें अमेरिकेंतील एक निग्रो पाळक जर्मनीस जाऊन आला. परत आल्यावर त्यानें आपलें आणि आपल्या पांच वर्षांच्या मुलाचें मायकेल हें नांव बदलून मार्टिन ल्यूथर असें केलें. तो मुलगा म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग. महात्मा गांधींच्या मार्गाचा अभ्यास करण्यासाठीं तो १९५९ मध्यें हिंदुस्थानांत आला आणि मुंबईस मणिभवनांतहि राहिला. आपल्या बांधवांच्या हक्कांसाठीं तो शस्त्रावांचून झगडला, आणि १९६८ मध्यें बंदुकीच्या गोळीला बळी पडला. ज्या नांवाचा उगम युद्धदेवांत, तें नांव अहिंसेच्या सेनानीला शोभलें.

मुलींनींहि या कुळाकडे आपलें म्हणून पाहावें. चौथ्या शतकांत रोम शहरीं मार्सेला नांवाची एक श्रीमंत विधवा होती. तिनें पुनर्विवाह नाकारला, संपत्ति गोरगरिबांना वांटली, आणि आपल्या घरांत स्त्रियांचें एक अभ्यासमंडळ चालविलें. पवित्र शास्त्राचा लॅटिन अनुवाद करणारा महापंडित जेरोम तिच्या प्रश्नांना पत्रांतून उत्तरें देई, आणि ते प्रश्न सोपे नसत.

कोणी म्हणेल, परदैवताचें नांव ख्रिस्ती माणसानें कां बाळगावें? नव्या करारांतील नांवें पाहा. अपुल्लोस हें नांव अपोलो देवाचें, एपफ्रदीत हें अफ्रोदिती देवीचें, आणि फिबी हें तर आर्तेमीस देवीचेंच दुसरें नांव. या मंडळींनीं आपलीं नांवें बदललीं नाहींत, आयुष्यें बदललीं. आपल्या महाराष्ट्रांतहि बाबा पदमनजी यांनीं १८५४ मध्यें आणि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला, तेव्हां आईबापांनीं ठेविलेलीं नांवें त्यांनीं टाकलीं नाहींत. नांव हें पात्र आहे. त्यांत काय भरावयाचें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें.

आतां शेवटीं ज्याच्यामुळें हें नांव आपल्यापर्यंत आलें, त्या मार्काकडे वळूं. प्रेषितांच्या कृत्यांत त्याला दोन नांवें आहेत. घरचें इब्री नांव योहान, म्हणजे परमेश्वर कृपाळू आहे. आणि रोमन राज्यांत चालणारें नांव मार्क. यरुशलेमांत त्याच्या आईच्या घरीं विश्वासणारे प्रार्थनेस जमत. पौल आणि बर्णबा पहिल्या प्रवासास निघाले, तेव्हां या तरुणाला त्यांनीं मदतनीस म्हणून बरोबर घेतलें. कुप्र बेट झालें, समुद्र ओलांडला, आणि पंफुल्यांतील पिर्गा येथें पोंचतांच मार्क त्यांना सोडून घरीं परतला. कारण लिहिलेलें नाहीं. परंतु पौलाच्या मनाला तें फार लागलें, हें उघड आहे. कारण दुसऱ्या प्रवासाच्या वेळीं बर्णबानें मार्काला पुन्हां बरोबर घ्यावें असें म्हणतांच पौलानें साफ नकार दिला. वाद इतका विकोपास गेला कीं ते दोघे जुने सोबती वेगळे झाले. पौलानें सीलाला घेतलें. बर्णबानें मार्काला घेतलें आणि तो कुप्राकडे निघून गेला.

त्यानंतर बराच काळ मार्काविषयीं कृत्यांच्या पुस्तकांत एक अक्षरहि नाहीं. मग पौलाच्या पत्रांत त्याचें नांव अचानक दिसूं लागतें. कलस्सै येथील मंडळीला पौल लिहितो कीं, मार्क आला तर त्याचें स्वागत करा. तीमथ्याला पाठविलेल्या दुसऱ्या पत्रांत तो तुरुंगांतून कळवितो कीं, मार्काला बरोबर घेऊन ये, सेवेच्या कामीं तो मला उपयोगी आहे. पिर्ग्याहून पळालेला मुलगा उपयोगी ठरला! आणि मंडळीची परंपरा अशी कीं, पेत्राच्या आठवणी ऐकून चार शुभवर्तमानांतील सर्वांत लहान, १६ अध्यायांचें, शुभवर्तमान त्यानेंच लिहिलें.

ही कथा संपल्यावर वर्ग शांत होता. आमचा मार्क उभा राहिला आणि म्हणाला, “सर, त्याला बर्णबा भेटला नसता तर?”

या प्रश्नाचें उत्तर मला तत्काळ देतां आलें नाहीं. घरीं गेल्यावर मीं बर्णबाचें नांव पाहिलें. त्याचें जन्मनांव योसेफ. ‘बर्णबा’ हें प्रेषितांनीं त्याचा स्वभाव पाहून ठेविलेलें नांव आहे, आणि त्याचा अर्थ धीर देणारा, उत्तेजन देणारा असा होतो. तो मार्काचा नातलग होता. पहिल्या परीक्षेंत नापास झालेल्या मुलाला दुसरी संधि देण्यासाठीं त्यानें पौलासारख्या मित्राचा वियोग पत्करला. मार्काला मार्कपण बर्णबानें मिळवून दिलें. आणि मी? मी त्या दिवशीं वर्गाबरोबर हंसलों होतों.

पालकहो, मुलाचें नांव ठेवतांना तें कानाला गोड लागतें एवढेंच पाहूं नका. त्याच्या मागची कथा जाणून घ्या आणि मूल समजूं लागलें कीं ती त्याला सांगा. परंतु त्याहून मोठें काम पुढें असतें. प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां एखादा मुलगा किंवा मुलगी पिर्ग्याहून परत येते. त्या दिवशीं दार कोण उघडतें आणि काय बोलतें, यावर त्या नांवाचा पुढला अर्थ अवलंबून असतो.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला या सुटींत एक अभ्यास देतों. आपलें नांव कोणीं ठेविलें, कां ठेविलें आणि त्याचा अर्थ काय, हें आजीआजोबांना विचारून वहींत लिहून आणा. मग आपल्या शेजारच्या बांकावरील मित्राच्या नांवाचाहि अर्थ विचारा. ज्याच्या नांवाची कथा आपल्याला ठाऊक झाली, त्याच्या नांवाला हंसणें फार कठीण जातें.

हजेरीपटांत त्या मुलाचें नांव पूर्वीचेंच आहे. आतां दर शनिवारीं शाळा सुटल्यावर तो आणि मी गणित घेऊन बसतों. त्रैराशिक अजून बिनचूक होत नाहीं. परंतु तो चुकवीत नाहीं, आणि मीहि चुकवीत नाहीं.